फ्रिजच्या गॅसच्या डब्यातून लोहारकामाची भट्टी: कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर, डबा

खुरपी, विळे आणि उसाचे कोयते घडवण्यापुरती एका बर्नरची गॅस भट्टी करायची आहे. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा हातभर तुकडा आरपार जावा, मधला वीतभर भाग एकसारखा लाल व्हावा, एवढीच अपेक्षा.

सांगाड्यासाठी बोअरवेलच्या केसिंग पाईपचा तुकडा सगळ्यात आधी हाताशी आला. पण तो साडेसहा-सात इंची. आतून दोन इंचांचं अस्तर दिलं की सांडशी फिरवायलाही जागा उरत नाही. वीस लिटर तेलाचा डबा पातळ, चारदा तापला की वाकतो. जस्ताची बादली बाद, तापल्यावर जस्ताचा पांढरा धूर येतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. शेवटी एसी-फ्रिज दुरुस्तीवाल्याकडचा १३.६ किलोचा, एकदाच भरून येणारा डबा घेतला. व्यास सुमारे २४ सेंमी, दोन्ही टोकं गोलाईची, पत्रा पुरेसा जाड. १०० रुपये.

एलपीजीचा सिलिंडर कापायचा विचारही नको. तो गॅस कंपनीच्या मालकीचा असतो, आणि 'रिकामा' म्हणून आणलेला कधीच पुरता रिकामा नसतो.

फ्रिजचा डबासुद्धा गॅस कटरने कापू नये. आत राहिलेला गॅस ज्योतीत सापडला की विषारी वायू तयार होतात. उरलेला गॅस मेकॅनिककडूनच काढून घ्यावा, व्हॉल्व्ह उघडा करून डबा तोंडापर्यंत पाण्याने भरावा, ओतून टाकावा आणि मग ग्राइंडरने कापावा. पुढचं तोंड ११ बाय ९ सेंमी, मागे लांब सळई बाहेर काढायला ७ बाय ५ सेंमीची खिडकी. रंग वायर ब्रशने पूर्ण खरवडला. तो ठेवला तर पहिल्या पेटवणीला शेडभर घाण धूर होतो.

७ नोव्हेंबर, भंगारातलं काय घ्यायचं

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) इतक्या आहेत की भट्टीचं सामान भंगारात सहज दिसतं. सगळंच घेण्यासारखं नसतं.

भट्टीच्या दारातून काढलेलं जुनं सिरॅमिक फायबर ब्लँकेट (उष्णता अडवणारी कापसासारखी गादी) फुकट मिळत असलं तरी घेऊ नये. हजार अंशांच्या आसपास बराच काळ तापलेल्या फायबरमध्ये क्रिस्टोबलाइट, म्हणजे स्फटिकी सिलिका तयार होते. ते ठिसूळ होतं, हात लावला की धूळ उडते, आणि ती धूळ फुप्फुसातून परत निघत नाही. त्याऐवजी भट्ट्यांना अस्तर घालणाऱ्या कंत्राटदाराकडे नव्या रोलचे उरलेले तुकडे मागावेत. २५ मिमी जाडी, १२८ घनता, १२६० अंश ग्रेड. ६१ सेंमी रुंदीचं सव्वा मीटर पुरतं. ७०० रुपये पडले.

जुन्या फायर ब्रिक मात्र बिनधास्त घ्याव्यात, २३० बाय ११५ बाय ७५ मिमीच्या. एकमेकीवर आपटून पाहायच्या. खणखणीत वाजली ती घ्यायची, बद्द आवाजाची टाकायची. एका बाजूला वितळलेल्या धातूच्या मळीचा काच चढला असेल तर ती बाजू बाहेर ठेवायची.

दाराला साधी लाल वीट चालेल का, असं बरेच जण विचारतात. खानापूर भागातली वीट आणि कौल घरासाठी उत्तम, पण इथे नाही. लाल वीट तिसऱ्या-चौथ्या पेटवणीला तडकते आणि तोंडाकडची कड वितळायला लागते. खानापूरला कुंभारकामाची परंपरा आहे, तिथून भट्टीतली फुटकी शेल्फ-फरशी मिळाली तर जरूर उचलावी. भट्टीच्या तळाला तिच्यासारखं दुसरं काही नाही. आम्हाला पंजाएवढा एक तुकडा मिळाला.

१२ नोव्हेंबर, बर्नर

ब्लोअर लावायचा की नुसत्या गॅसच्या जोरावर हवा ओढणारा बर्नर करायचा, हा पहिला प्रश्न. ब्लोअरवर ताबा चांगला राहतो. पण वीज गेली की हवा थांबते आणि गॅस चालूच राहतो. खेड्यात हेस्कॉमच्या विजेचा भरवसा धरून हे करायचं तर वीज जाताच बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवाच. तो खर्च आणि ती धास्ती टाळून बिनब्लोअरचा 'टी' बर्नर ठरवला.

सामान:
१ इंच बाय पाऊण इंच रिड्यूसिंग टी (पाईपचा तीन तोंडी जोड).
पाऊण इंची पाईप, १८ सेंमी. काळा एमएस (साध्या लोखंडाचा), जीआय (जस्त चढवलेला) नको. लांबी आतल्या व्यासाच्या आठ-नऊ पट.
मिग वेल्डिंगची टिप, एम-६ आट्याची.
पितळी निपल, पाव इंची बॉल व्हॉल्व्ह, नीडल व्हॉल्व्ह, ० ते ४ किलोचा प्रेशर गेज (किलो म्हणजे दर चौरस सेंमीवरचा दाब).

टीच्या एक इंची दोन्ही तोंडांतून हवा येते. पाऊण इंची फाट्याला पाईप लागतो. फाट्याच्या बरोबर समोर, टीच्या पाठीत भोक पाडून जेट, म्हणजे ती मिगची टिप, बसतो. सगळं यश या एका भोकावर आहे. हातातल्या ड्रिलने पाडलेलं भोक अर्धा मिमी तिरकं गेलं. जेटची धार पाईपच्या एका कडेला घासू लागली आणि ज्योत एका बाजूला निळी, दुसऱ्या बाजूला पिवळी आली. ती टी टाकून दिली. दुसरी लेथवर केली: पाऊण इंची आट्यांचा तुकडा चकमध्ये धरून त्यावर टी चढवायची आणि टेलस्टॉकमधून भोक पाडायचं. मजुरी १५० रुपये. हे काम लेथवाल्याकडेच द्यावं.

तपासणी सोपी आहे. जेट बसवून त्यातून दोरा ओवला आणि खाली लोंबता सोडला, की तो पाईपच्या दुसऱ्या तोंडाच्या मधोमध यायला हवा.

१६ नोव्हेंबर, रेग्युलेटर आणि नळी

घरगुती रेग्युलेटर ३० मिलिबारच्या आसपास दाब देतो, त्यावर हा बर्नर हवा ओढतच नाही. ० ते २ किलोचा, फिरवून दाब बदलणारा हाय प्रेशर रेग्युलेटर लागतो. घरगुती लाल सिलिंडर अशा कामाला वापरणं नियमात बसत नाही. १९ किलोचा कमर्शिअल घ्यावा. रिफिल सतराशे-अठराशेच्या घरात पडला, दर महिन्याला हलतो.

नळी आयएसआय मार्कची, आत जाळी असलेली, तीन मीटर. स्वयंपाकघरातली केशरी नळी या दाबाला नको. गॅस कटिंगच्या दुकानातून जोड घेताना लक्षात ठेवायचं: इंधन वायूच्या नटांना उलटे आटे असतात आणि नटाच्या कोपऱ्यांवर खाचा असतात. सरळ समजून पाना मारला तर पितळ सोलवटतं.

प्रत्येक जोडाला साबणाचा फेस. नीडल व्हॉल्व्हच्या दांड्याशी बारीक फुगा येत होता, पॅकिंगचा नट पाव फेरा आवळल्यावर गेला.

१९ नोव्हेंबर, जेट

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

परदेशी आराखड्यांत पाऊण इंची बर्नरला ०.९ वायरची मिग टिप सांगतात. ती लावली. ज्योत लांबलचक, मऊ, पिवळ्या शेपटीची आली. हवा कमी पडत होती. कारणं दोन.

एक म्हणजे टिपेवरचा आकडा वायरचा असतो, भोकाचा नाही. वायर सरकायला भोक मोठं ठेवलेलं असतं. ०.८ लिहिलेल्या टिपेत १ मिमीची ड्रिल जवळजवळ जाते.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ते आराखडे प्रोपेनचे आहेत. आपल्या एलपीजीत ब्युटेनचा वाटा मोठा असतो. प्रोपेनला पूर्ण जळायला आकारमानाने सुमारे २४ पट हवा लागते, ब्युटेनला ३१ पट. तोच जेट, तीच टी, पण गॅस जास्त हवा मागतो. त्यामुळे तिकडचं माप इथे जसंच्या तसं लावलं की ज्योत पिवळी येणारच.

०.६ वायरची टिप बसवली, भोक कॅलिपरने नाही तर ड्रिलच्या दांड्याने मोजलं, ०.८ च्या जवळ. ज्योत निळी झाली, पण अजून किंचित मऊ. मग टिप कापत गेलो. टिपेचं टोक पाईपच्या तोंडापासून जितकं मागे, तितकी हवा जास्त ओढली जाते. एका वेळी १ मिमी, कानसेने, आणि प्रत्येक वेळी भोकाच्या कडेची बर (धातूची कुसळं) काढून. कापलेलं परत जोडता येत नाही म्हणून दोन टिपा जवळ ठेवाव्यात, वीस-पंचवीस रुपयांना एक मिळते. आतली निळी ज्योत आखूड आणि टोकदार, बाहेरची फिकट, आवाज एकसुरी घरघर, इथे थांबायचं. आणखी कापलं तर ज्योत हिसहिसते आणि लोखंडावर पापुद्रे जाड धरतात.

हा बर्नर उघड्या हवेत नीट टिकत नाही, ज्योत सुटून विझते. चाचणीला पुढे विटांचा छोटा बोगदा करावा. उघड्यावर विझतो म्हणून बर्नर बिघडला समजू नये.

२४ नोव्हेंबर, अस्तर, आणि सोडियम सिलिकेट

ब्लँकेटचे दोन थर. बाहेरचा ७६ सेंमी, आतला ६१ सेंमी, दोन्ही मापापेक्षा एकेक सेंमी जास्त, म्हणजे दाबूनच बसतात, खिळे-तारा लागत नाहीत. जोड एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. कापताना फायबर ओलं करायचं, चांगला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि काम झाल्यावर तो शर्ट वेगळा धुवायचा.

फायबर उघडं ठेवता येत नाही, ते कडक करावं लागतं. फाउंड्रीत सोडियम सिलिकेट बॅरलने पडलेलं असतं आणि तिथे कुणालाही विचारा, "सिलिकेट मार की दादा, दगड होतंय बघ" हेच उत्तर. साच्याच्या वाळूला ते खरंच आहे. फायबरच्या एका तुकड्याला सिलिकेट आणि दुसऱ्याला कोलॉइडल सिलिका (पाण्यात तरंगणारे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण) लावून दोन्ही बर्नरसमोर धरले. सिलिकेटचा तुकडा आधी छान टणक झाला. पांढऱ्या-पिवळ्या उष्णतेला पृष्ठभाग काचेसारखा चकाकला, आक्रसला आणि खाली ओघळला. सिलिकेटमधला सोडा फायबरचा वितळबिंदूच खाली आणतो. कोलॉइडल सिलिकाचा तुकडा होता तसा राहिला.

कोलॉइडल सिलिका इन्व्हेस्टमेंट कास्टिंगवाल्यांकडे मिळते. एक लिटर पुरलं, १२० रुपये. फवारणीच्या बाटलीत टाकताना त्यात कुंकवाच्या रंगाचे दोन थेंब घातले, म्हणजे कुठे पोचली नाही ते दिसतं. नंतर रंग जळून जातो.

२७ नोव्हेंबर, कास्टेबल

शहराला लागून ॲल्युमिनाचा एवढा मोठा कारखाना, पण हाय ॲल्युमिना कास्टेबल (उष्णता सोसणारं काँक्रीट) सुट्टं आठ किलो मिळवायला खटपट पडली. पिशवी २५ किलोची येते, आणि उघडलेली पिशवी आपल्या पावसाळ्यात गोळा होऊन बसते. दोघा-तिघांनी मिळून घ्यावी. किलोला ५५ रुपयांनी सुट्टं मिळालं.

किलोला साधारण १०० मिली पाणी. पोळीच्या कणकेपेक्षा सैल केलं तर वाळल्यावर भेगा. पहिला हात मारला तो तासाभरात भुसभुशीत होऊन बोटाने सुटू लागला. कोरड्या फायबरने त्यातलं पाणी ओढून घेतलं होतं आणि सिमेंटला धरायला पाणीच उरलं नव्हतं. खरवडून काढलं. दुसऱ्या वेळी आधी फायबर पाण्याने फवारून गच्च ओलं केलं, मग १ सेंमी थर हाताने थापला. हातमोजे घालून, कास्टेबल कातडी खातं.

तळ दोन सेंमी जाड आणि सपाट, त्यावर खानापूरची फरशी नुसती ठेवलेली, चिकटवलेली नाही. फुटली की बदलता यावी.

बर्नरसाठी वरून, मध्यापासून एका बाजूला सरकवलेलं भोक, म्हणजे ज्योत भिंतीला लागून गोल फिरते, कामाच्या तुकड्यावर थेट आपटत नाही. सव्वा इंची पाईपचा तुकडा वेल्ड करून त्यात बर्नर तीन-तीन स्क्रूंनी धरलेला. ज्योतीचं तोंड कास्टेबलमध्येच घडवलं: लेथवर केलेली लाकडी खुंटी, एका टोकाला २८, दुसऱ्याला ३६ मिमी, लांबी ४ सेंमी, प्लॅस्टिक गुंडाळून आत बसवली आणि कास्टेबल धरल्यावर फिरवून काढली. बर्नरच्या पाईपचं टोक आतल्या भिंतीच्या मागेच राहिलं पाहिजे. आत डोकावलं तर ते जळून पापुद्रे धरतं.

चोवीस तास ओलं फडकं वर. मग उघडं.

३ डिसेंबर, सुकवणं

कोंबड्यांच्या शेडमधला ब्रूडरचा १०० वॅटचा जुना बल्ब आत टांगून दोन रात्री. तोंड अर्धवट झाकलेलं. हात लावून कोरडं वाटलं तरी आत पाणी असतंच. बर्नर एक मिनिट, बंद, दहा मिनिटं थांबा. काचेचा तुकडा तोंडाशी धरायचा, त्यावर वाफ जमते तोवर हाच क्रम. घाई केलेल्या एका कोपऱ्यात, मागच्या खिडकीच्या काठाला, 'टप' आवाज होऊन रुपयाएवढा पापुद्रा उडाला. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर यायला वाट शोधत होतं. तिथे नवा लेप दिला.

आतून शेवटचा हात झिरकॉनचा (उष्णता सोसणारं खनिज). फाउंड्रीतला तयार झिरकॉन पेंट स्पिरिटमधला असतो, त्याचा बाइंडर उष्णतेत जळून जातो आणि पावडर उरते, तो नको. झिरकॉन पीठ कोलॉइडल सिलिकात कालवून दुधापेक्षा दाट करून ब्रशने दोन हात. भिंत लवकर उजळते, हा फरक डोळ्यांना दिसतो.

८ डिसेंबर, पहिली पेटवणी

क्रम ठरलेला असावा. आधी पेटता कागद आत, मग गॅस. गॅस आधी सोडून काडी शोधली तर तोंडातून भडका येतो. पेटवणारा बाजूला उभा. बंद करताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह आधी, नळीतला गॅस जळून संपला की बाकीचे. बंद झाल्यावर गरम हवा बर्नरच्या पाईपातून वर चढते आणि टी, टिप, नळी तापवते, म्हणून टीच्या दोन्ही तोंडांवर पत्र्याची झाकणं लगेच.

०.५ किलोला दहा-बारा मिनिटांत आतली भिंत नारिंगी. ०.८ ला पिवळट. ०.२ च्या खाली आणलं की 'फट फट' होऊन ज्योत पाईपात मागे सरकते आणि टी तापते. तसं झालं की लगेच बंद. गेजवर ०.२ ला लाल खूण केली.

गॅस तासाला पाऊण ते एक किलो. सिलिंडर काट्यावर ठेवून मोजलं.

शेडच्या दोन्ही बाजू उघड्या हव्यात. तोंडातून बाहेर येणाऱ्या ज्योतीत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खड्ड्यात, गटारात साठतो. सिलिंडर भट्टीपासून नळीभर लांब, कायम उभा. आडवा केला की द्रव गॅस बर्नरमध्ये येतो.

१७ डिसेंबर, थंडी

सकाळी सातला चालू केली, पाऊण तासात दाब ०.८ वरून ०.३ वर. रेग्युलेटर खराब म्हणून बदलायची गरज नव्हती. सिलिंडर निम्म्याहून खाली होता, बाहेर पांढरं दंव धरलं होतं, आणि दंवाची रेघ जिथे, तिथवर द्रव शिल्लक. द्रवाचा वायू होताना उष्णता लागते, ती सिलिंडरमधूनच जाते. शिवाय प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरासा खाली, म्हणून प्रोपेन आधी निघून जातो. तळाला उरतो तो मुख्यतः ब्युटेन. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या सकाळी हा प्रकार होणारच.

उपाय: घमेल्यात नाही, रुंद टबात सिलिंडर ठेवून हाताला सोसवेल एवढं कोमट पाणी. किंवा दोन सिलिंडर एकत्र जोडून, म्हणजे प्रत्येकावर निम्मा ताण. ज्योत, हीटर, उकळतं पाणी सिलिंडरजवळ नाही. अर्धा झालेला सिलिंडर दुपारच्या कामाला ठेवावा.

२४ डिसेंबर, कोयता

ऑटोनगरातून ट्रकचा जुना पाटा. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग टाकून द्यायचा, तिथे बारीक तडे असतात आणि ते पाणी देतानाच (कडक करण्यासाठी तापवून एकदम थंड करताना) उघडे पडतात. बाकीचा भाग ईएन-४५ जातीच्या स्प्रिंग पोलादाचा धरून चालावं.

लोहचुंबक धरणं बंद झालं की तुकडा ७७० अंशांच्या आसपास. पाणी देण्याला तेवढं पुरत नाही, त्याच्यापुढे आणखी एक छटा, ८३० ते ८६०. मग तेलात. पाण्यात टाकलेल्या पात्याला धारेपासून तडा गेला. गाडीचं जळकं ऑइल फुकट असतं, पण धूर वाईट. पामतेल घेतलं. थंडीत थिजतं, पण ते ५०-६० अंशांपर्यंत आधी तापवायचंच असतं. नंतर जांभळट रंगापर्यंत परत तापवलं. ऊस तोडताना धार मुडपते की टवका उडतो ते पाहायचं: टवका उडाला तर पुढच्याला आणखी थोडं तापवायचं.

११ जानेवारी, टाकणखार

दोन पाटे जोडायला टाकणखार (बोरॅक्स) वापरला आणि त्याने खरा दणका दिला. वितळलेला टाकणखार जिथे सांडला तिथे कास्टेबलला खड्डा, आणि मागच्या काठाला जिथे कास्टेबल पातळ होतं तिथून आतलं फायबर उसाच्या गुऱ्हाळातल्या काकवीसारखं चिकट होऊन खाली आलं. फरशीवर सांडलेलं मात्र नुसतं चिकटून राहिलं, थंड झाल्यावर छिन्नीने निघालं.

दुरुस्ती: काच झालेला भाग थंड असताना ओला करून खरवडला, मास्क लावूनच. खड्ड्यात फायबरचा तुकडा दाबून कोलॉइडल सिलिका, वाळवून कास्टेबल, पुन्हा बल्ब. आता टाकणखाराच्या कामाला फरशीवर वाकवलेल्या पत्र्याचा उथळ ताट ठेवतो. दोन-तीन कामांत जळून जातो, पण तळ वाचतो.

सिलिंडर आणि त्याची अनामत सोडून आतापर्यंतचा खर्च सुमारे साडेचार हजार. त्यात रेग्युलेटर, नळी, गेज आणि व्हॉल्व्ह मिळून दोन हजारांवर. ते भंगारातून आणू नयेत.

१८ जानेवारी

पुढच्या तोंडाला दोन फायर ब्रिक सरकत्या ठेवल्यावर तेवढ्याच उष्णतेला दाब ०.१ ने कमी लागतो. मागची खिडकी पूर्ण बंद केली तर मात्र आत दाब साठतो, ज्योत पिवळी पडते आणि बर्नर मागे पेटतो. बोटभर फट ठेवायचीच. लांब सळई नसेल तेव्हा त्या फटीसमोर आडवी वीट, दोन इंच अंतरावर.